छापलेलं आणि छापून आणलेलं

आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत 'छापणे' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. पहिला अर्थ फर्स्ट इयरच्या पहिल्या महिन्यातच कळतो. सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राची असाइनमेंट समोर ठेवायची आणि जशीच्या तशी उतरवून काढायची, याला छापणे म्हणतात. दुसरा अर्थ फायनल इयरला कळतो. प्रोजेक्टवर रिसर्च पेपर लिहून तो कुठल्यातरी इंटरनॅशनल जर्नलमध्ये प्रसिद्ध करायचा, यालाही छापणेच म्हणतात. 'जर्नल'चंही तसंच. तीन वर्षं जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलची फाइल, जी सिनिअरची बघून भरायची आणि सरांची सही घ्यायची. चौथ्या वर्षी जर्नल म्हणजे संशोधन पत्रिका.

माझं म्हणणं असं आहे की किती तरी कॉलेजांत या शब्दांचे दोन अर्थ आता उरलेलेच नाहीत. एकच उरलाय, पहिला. आणि त्यालाच आपण 'रिसर्च कल्चर' म्हणायला लागलोय.

कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स असतो. ब्रोशरच्या दुसऱ्या पानावर चौकट असते. इतके पेपर, इतकी पेटंट्स, इतके पुरस्कार, विद्यार्थ्यांचं इतकं घवघवीत यश. हे आकडे खोटे असतात अशी माझी तक्रार नाही. बहुतेक वेळा ते खरे असतात, त्यांची सर्टिफिकेटं फायलीत लावलेली असतात. तक्रार ही की आकडा खरा असूनही त्यातून काही कळत नाही, आणि तो आकडा उभा करायला मुलांचा वेळ, आईबापांचा पैसा आणि चांगल्या शिक्षकांचा जीव जातो.

आधी पेपरचा बाजार बघू. फायनल इयरच्या दुसऱ्या सेमिस्टरला वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरायला लागतात. 'कॉल फॉर पेपर्स. इंटरनॅशनल जर्नल. हाय इम्पॅक्ट फॅक्टर. दोन दिवसांत अ‍ॅक्सेप्टन्स. सर्व ऑथर्सना ई-सर्टिफिकेट फ्री.' हा मेसेज नीट वाचा. पेपर वाचायचा, त्यातलं गणित तपासायचं, शंका विचारायच्या, उत्तरं आल्यावर पुन्हा वाचायचं, याला खऱ्या तज्ज्ञाला आठवडे, बऱ्याचदा महिने लागतात. दोन दिवसांत एकच गोष्ट तपासून होते, ती म्हणजे पैसे जमा झाले की नाही.

ही जर्नल्स काय छापू शकतात याचे जगभरात पुरावे आहेत. २००५ मध्ये एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी सायजेन नावाचा प्रोग्राम लिहिला. तो कॉम्प्युटर सायन्समधले भारदस्त शब्द व्याकरणशुद्ध वाक्यांत बसवून, आलेख आणि संदर्भांसकट, संपूर्ण निरर्थक पेपर तयार करायचा. त्यातला एक पेपर एका परिषदेने स्वीकारला. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातले कॉम्प्युटर सायंटिस्ट पीटर व्हॅम्प्ल्यू एका जर्नलच्या ई-मेल्सना वैतागले. त्यांनी त्या जर्नलला एक जुना गमतीचा पेपर पाठवून दिला. त्या पेपरात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच वाक्य होतं: तुमच्या मेलिंग लिस्टमधून मला काढा, आणि मध्ये एक कचकचीत शिवी. आकृती आणि आलेखातही तेच वाक्य. जर्नलच्या परीक्षकाने त्याला 'एक्सलंट' म्हटलं, पेपर स्वीकारला गेला आणि १५० डॉलरची मागणी आली.

चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला चकवायचं असेल तर आणखी एक युक्ती असते. दुसऱ्याचा मजकूर शब्द बदलणाऱ्या टूलमधून काढायचा. २०२१ मध्ये गियोम कॅबनाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पेपरांतले शब्द शोधून काढले. तिथे 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालं होतं, 'बिग डेटा'चं 'कोलोसल इन्फर्मेशन' आणि 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बुझम पेरिल'. मराठीत सांगायचं तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जागी बनावट शुद्ध आणि स्तनाच्या कर्करोगाच्या जागी छातीचं संकट. हे छापून आलं. कारण ज्याने लिहिलं त्याने वाचलं नव्हतं, ज्याने छापलं त्यानेही नाही.

सरकारी यंत्रणेला हे माहीत नाही असं नाही. मे २०१८ मध्ये यूजीसीने आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ जर्नल्स काढून टाकली. मग २०१९ मध्ये 'यूजीसी-केअर' नावाची नवी यादी आणली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली आणि चांगलं-वाईट ठरवायची जबाबदारी संस्थांवर टाकली. म्हणजे ज्यांना आकडा वाढवायचाय, त्यांनीच आता आकड्याची पारख करायची.

यात मुलांचं नुकसान काय, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मिळालं एक सर्टिफिकेट, गेले थोडे पैसे, रेझ्युमेवर एक ओळ वाढली. बिघडलं कुठे? त्याचं उत्तर एका उदाहरणानेच देता येईल.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या कॉम्प्युटर आणि आयटी शाखांतला सगळ्यात लाडका प्रोजेक्ट म्हणजे 'डीप लर्निंग वापरून पिकांवरच्या रोगांचं निदान'. शेतकऱ्याचा विषय, त्यामुळे ऐकणारे खूश. डेटा फुकट मिळतो. 'प्लँटव्हिलेज' नावाचा पानांच्या फोटोंचा संच आहे. त्यात ५४ हजारांवर फोटो आणि १४ पिकं. त्यावर मॉडेल शिकवलं की अचूकता आरामात ९८ टक्क्यांच्या वर जाते. पेपर तयार, पोस्टर तयार, बक्षीस तयार.

आता त्या संचात काय आहे ते बघा. सफरचंद आहे, ब्लूबेरी आहे, चेरी आहे, स्ट्रॉबेरी आहे. कापूस नाही. ऊस नाही. तूर नाही, ज्वारी नाही, डाळिंब नाही. सोयाबीन आहे, पण फक्त निरोगी पानांचं, रोगाचा एकही वर्ग नाही. द्राक्ष आहे, पण ज्या केवडा आणि भुरीने नाशिकच्या बागायतदाराची झोप उडते, ते दोन्ही रोग त्यात नाहीत. आणि बहुतेक फोटो साध्या पार्श्वभूमीवर, तोडलेलं एकेक पान ठेवून काढलेले. शेतात पान असं कधी दिसतं का? तिथे मागे माती असते, बाजूला दुसरं पान असतं, अंगावर फवारणीचे पांढरे डाग असतात आणि फोटो काढणाऱ्याची सावली असते.

गंमत म्हणजे ही मर्यादा कुणी लपवलेली नाही. या संचावरचा मूळ गाजलेला पेपर २०१६ चा, मोहंती, ह्यूज आणि सालाथे यांचा. त्यांनी स्वतःच लिहिलं की त्याच संचातल्या बाजूला ठेवलेल्या फोटोंवर अचूकता ९९.३५ टक्के आली आणि वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या, बाहेरून गोळा केलेल्या फोटोंवर ती ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. दोन्ही आकडे त्यांनी दिले, म्हणूनच ते संशोधन. आपल्याकडे त्यातला पहिला आकडा घेतला आणि दुसरा सोडून दिला.

आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट हाच होता. ग्रुपमधल्या एकाच्या मामाची निफाडजवळ द्राक्षबाग होती. आम्ही दोन रविवार तिथे जाऊन मोबाइलवर शंभरेक फोटो काढले आणि मॉडेलला दाखवले. मॉडेलने केवड्याला भलतंच नाव दिलं. देणारच, कारण केवडा त्याने कधी पाहिलाच नव्हता. आम्ही ते सगळं रिपोर्टात लिहिलं, एक वेगळं प्रकरण करून. गाइडनी ते वाचलं आणि म्हणाले, "हे काढून टाका. एक्सटर्नलसमोर आपणच आपलं हसं कशाला करून घ्यायचं?" आम्ही काढलं नाही. पेपरही छापला नाही, त्यामुळे टर्मवर्कमध्ये पेपरचे मार्क गेले. शेजारच्या ग्रुपने तोच संच, तेच मॉडेल घेतलं, फक्त बागेत गेले नाहीत. त्यांचा पेपर आला, त्यांना 'बेस्ट प्रोजेक्ट' मिळालं आणि फ्लेक्सवर फोटो लागला. त्या चौघांवर माझा राग नाही. त्यांना जे सांगितलं होतं ते त्यांनी केलं. राग त्या पद्धतीवर आहे, जिने आम्हा आठ जणांना एकाच दिवशी एकच धडा शिकवला: बागेत जाऊ नका, मार्क कमी होतात.

नुकसान म्हणतात ते हे. इंजिनिअरिंगचं शिक्षण शेवटी एका सवयीसाठी असतं. मी बनवलेली गोष्ट चालते का, कुठे चालत नाही, आणि हे मला कसं कळलं, हे प्रामाणिकपणे सांगायची सवय. पूल असो, पंप असो की पेमेंटचं अ‍ॅप असो, त्यावर विसंबणाऱ्या माणसाला हीच सवय वाचवते. ती सवय आपण चौथ्या वर्षी, मार्क कापून, मोडतो.

पेटंटचं प्रकरण तर याहून सोपं आहे, कारण तिथे शब्दाचाच खेळ आहे. फ्लेक्सवर लिहिलेलं असतं, 'पेटंट पब्लिश्ड'. वाचणाऱ्याला वाटतं, पेटंट मिळालं. प्रत्यक्षात भारतात पेटंटचा अर्ज केला की तो साधारण १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो. घाई असेल तर फॉर्म ९ भरायचा, फी भरायची, मग तो बहुधा महिनाभरात प्रसिद्ध होतो. प्रसिद्ध होणं म्हणजे तुमचा अर्ज सरकारी पेटंट जर्नलमध्ये लोकांना बघायला ठेवला, इतकंच. कल्पना नवी आहे का, उपयोगाची आहे का, हे तोवर कुणीही तपासलेलं नसतं. तपासणीसाठी फॉर्म १८ वेगळा भरावा लागतो आणि त्याची फीही वेगळी. मार्च २०२४ नंतरच्या अर्जांना त्यासाठी ३१ महिन्यांची मुदत आहे. तो भरलाच नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात. पण तोवर फ्लेक्स लागून, फाटून, त्याची ताडपत्री कुणाच्या तरी गोठ्यावर गेलेली असते.

सप्टेंबर २०२१ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी पेटंटची फी ८० टक्क्यांनी कमी झाली. निर्णय चांगलाच होता. खऱ्या संशोधकाला त्याचा फायदा झाला असेलच. पण ज्याला फक्त 'पब्लिश्ड' शब्द हवाय त्याच्यासाठीही तो शब्द स्वस्त झाला.

मग डिझाइनची नोंदणी. डिझाइन म्हणजे वस्तूचं नुसतं रूप: आकार, ठेवण, नक्षी. आत यंत्र चालतं की नाही याच्याशी त्या कायद्याला देणंघेणं नाही. ब्रिटनमध्ये तर नोंदणी करताना डिझाइन नवं आहे का हेही तपासत नाहीत. त्यामुळे 'एआय-बेस्ड सॉइल टेस्टिंग डिव्हाइस' नावाचा एक डबा काढून, चार बाजूंची चित्रं जोडून, त्याची नोंदणी करता येते. डब्याच्या आत हवा असली तरी चालतं. आणि मग कॉलेजच्या यादीत त्याची नोंद 'इंटरनॅशनल पेटंट' अशी होते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे आमच्या आजीने कुणाबद्दल म्हटलं असेल माहीत नाही, पण इथे चपखल बसतं.

पुरस्कारांबद्दल जास्त लिहायची गरज नाही. परिषदेत जितकी सेशन्स तितके 'बेस्ट पेपर'. शिक्षकांसाठी 'बेस्ट रिसर्चर' पुरस्कार, ज्याची नोंदणी फी अर्जदारानेच भरायची. शाल त्याचीच, पैसा त्याचाच, टाळ्या तेवढ्या दुसऱ्यांच्या. हॅकेथॉनचं मात्र जरा वेगळं आहे, त्याला मी सरसकट नावं ठेवणार नाही. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन २०१७ मध्ये सुरू झाली, तिच्या पहिल्या महाअंतिम फेरीत मुलं सलग ३६ तास बसून काम करत होती. त्या वयात ते झिंगणं, रात्री तीनला कोड चालणं, अनोळखी शहरात चहा शोधणं, हे सगळं मोलाचं आहे. पण ३६ तासांत जे होतं ते डेमो असतं. प्रश्न ३७व्या तासाचा आहे. ज्या खात्याने प्रश्न दिला होता, तिथे ते सॉफ्टवेअर आज कुणी उघडतं का? कॉलेज हा प्रश्न विचारत नाही, कारण चेकचा मोठा पुठ्ठा घेऊन काढलेल्या फोटोत तो मावत नाही.

हे सगळं का होतं, तर कुणीतरी मोजतंय म्हणून. केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून दरवर्षी येते. इंजिनिअरिंगमध्ये तिच्या १०० पैकी ३० गुण रिसर्च आणि प्रोफेशनल प्रॅक्टिसला आहेत. त्यात पेपरांची संख्या, त्यांची उद्धरणं, पेटंट्स असं सगळं येतं. नॅकच्या निकषांतही संशोधनाचा स्वतंत्र निकष आहे. शिक्षकाच्या बढतीसाठी यूजीसीने २०१० मध्ये एपीआय नावाची गुणमोजणी आणली, तेव्हापासून पेपर मोजून माणूस मोजायची सवय लागली. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेला विचार आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. मोजमाप हेच ध्येय झालं की ते मोजमाप म्हणून बाद होतं. त्यांच्या डोक्यात तेव्हा ब्रिटनचं पैशाचं धोरण होतं, आपलं कॉलेज नव्हतं. पण वाटतं, आपल्या कॉलेजात येऊन लिहिलंय.

मोजमाप किती किमती झालंय याचा अंदाज यावा म्हणून एकच गोष्ट. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने आंध्र प्रदेशातल्या एका अभिमत विद्यापीठाला चांगला दर्जा मिळावा म्हणून लाच दिल्या-घेतल्याच्या आरोपावरून नॅकच्या तपासणी समितीच्या अध्यक्षाला आणि सदस्यांना अटक केली. आरोप सिद्ध व्हायचे तेव्हा होतील. पण एका अक्षरी दर्जासाठी कुणी इतकं करेल असं तपासयंत्रणेला वाटतं, हेच पुरेसं बोलकं आहे.

इथे दुसरी बाजूही ऐकायला हवी, आणि ती खोटी नाही. आमच्या एका सरांनी मला ती फोनवर सांगितली. "तू पुण्यात एसीत बसून लिहितेस. मला आठवड्याला अठरा तास लेक्चर, वर अ‍ॅडमिशनच्या वेळी गावोगाव फिरून मुलं आणायची, नॅकच्या फायली मी करायच्या, पगार तीन महिन्यांनी. आणि पेपर नाही म्हणून इन्क्रिमेंट नाही. मी काय करू?" सरांना माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तासिका तत्त्वावर किंवा कराराने काम करणाऱ्या माणसाकडून कुठलंही उपकरण, निधी, रिकामी दुपार न देता संशोधन मागणं म्हणजे विहीर न खणता पोहरा मोजणं. म्हणून माझा हा लेख सरांच्या विरोधात नाही. उलट या मोजणीने सगळ्यात आधी सरांसारख्यांनाच हरवलंय. ते उत्तम शिकवतात. ट्रान्झिस्टर त्यांच्याकडून शिकलेला मुलगा विसरत नाही. पण 'उत्तम शिकवतात' याचं सर्टिफिकेट दोन दिवसांत मिळत नाही.

दुसरा युक्तिवाद असा: पहिलं पाऊल कच्चंच असणार, वाईट पेपर लिहीत लिहीतच मूल चांगला पेपर लिहायला शिकतं. हे मला पटलं असतं, जर कुणी तो पेपर वाचून परत दिला असता. कच्चं काम तपासून घेतलं तर ते पाऊल होतं. पैसे घेऊन 'एक्सलंट' म्हटलं तर तिथेच पाय रुततो.

तिसरा युक्तिवाद: संशोधन आयआयटीवाल्यांना जमतं, आमच्या पोरांकडून कशाला अपेक्षा? या युक्तिवादाचा मला सगळ्यात जास्त राग येतो. म्हणून दोन उदाहरणं देते, दोन्ही पदवीच्या विद्यार्थ्यांची.

आयआयटी कानपूरच्या नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या दोघांनी २००२ मध्ये बी.टेक.चा प्रोजेक्ट एका जुन्या प्रश्नावर केला: एखादी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट आणि खात्रीने सांगणारी पद्धत आहे का? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, त्यांचे शिक्षक मणीन्द्र अग्रवाल यांच्यासह, त्यांनी उत्तर जगासमोर ठेवलं. इतके जुने तज्ज्ञ ज्यात अडकले होते त्याचं उत्तर मोजक्या पानांत होतं. जगभरच्या गणितज्ञांनी ते काही दिवसांत तपासलं आणि बरोबर असल्याचं सांगितलं. पण 'अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये तो पेपर छापून आला २००४ मध्ये आणि गोडेल पुरस्कार मिळाला २००६ मध्ये. क्रम लक्षात घ्या. आधी उत्तर, मग तपासणी, मग छपाई, सगळ्यात शेवटी पुरस्कार. आपल्याकडे हाच क्रम उलटा लावलाय आणि उत्तराची पाळी येतच नाही.

दुसरं उदाहरण घरचं. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा सुमारे एक किलोचा उपग्रह बनवला आणि २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ ने तो अवकाशात नेला. अवकाशात उपग्रहाची दिशा सांभाळायला त्यांनी मोटरी किंवा इंधन वापरलं नाही. चुंबक वापरून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने तो आपोआप स्थिर राहावा अशी योजना होती. मला यातलं सगळ्यात मोठं यश प्रक्षेपणाचं वाटत नाही. हा प्रोजेक्ट एका बॅचमध्ये पुरा होणारा नव्हता. ज्यांनी सुरू केला ते पास होऊन गेले, पुढच्यांनी उचलला, तेही गेले, मग त्यांच्या पुढच्यांनी. प्रत्येक बॅचला आपलं काम अशा रीतीने लिहून ठेवावं लागलं की अनोळखी ज्युनिअरला ते उचलता यावं. अवकाशात 'पब्लिश्ड' आणि 'ग्रँटेड' असा भेद नसतो. सिग्नल येतो किंवा येत नाही.

उपग्रह सगळ्यांना जमणार नाही, मान्य. पण उचलून पुढे नेता येईल असं काम धुळ्याच्या, नांदेडच्या, रत्नागिरीच्या कॉलेजातही होऊ शकतं. आपल्या तालुक्यातल्या केवड्याचे, कापसाच्या बोंडअळीचे हजार फोटो नीट नावं लावून गोळा केले आणि खुले ठेवले, तर ते आणखी एका ९८ टक्केवाल्या पेपरपेक्षा लाखपटीने संशोधन आहे. गावच्या फीडरवर दिवसभर व्होल्टेज कसं बदलतं याची वर्षभराची नोंद हेही संशोधन आहे. एखाद्या ओपन सोर्स प्रोजेक्टमधली मराठी टाइप करताना येणारी चूक दुरुस्त करणं हेसुद्धा. याला सर्टिफिकेट नाही, पण पुढचा माणूस त्यावर उभा राहू शकतो.

आता हा सगळा हिशेब कुणाच्या खिशातून जातो ते बघू. बारावीनंतर सीईटी देऊन कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरणारी मुलगी. घरात पहिलीच इंजिनिअर होणार. कुणी सांगणारं नाही. तिच्यासमोर दोन कॉलेजं आहेत, दोन्हीकडे साधारण सारखीच फी. एकाच्या ब्रोशरवर पेटंट्सचा मोठा आकडा, दुसऱ्यावर तो नाही. ती पहिलं नाव वर टाकते. तिने विचार करूनच निर्णय घेतला, पण ज्या माहितीवर घेतला ती माहितीच पोकळ होती. मग चार वर्षं फी, होस्टेल, कर्जाचा हप्ता.

ती पुढे मला भेटते. गेली दोन वर्षं आमच्या कंपनीत फ्रेशर्सच्या मुलाखती घेणाऱ्यांत मी असते. रेझ्युमेवर 'इंटरनॅशनल जर्नलमध्ये दोन पेपर्स' असं ठळक टायपात असतं. मी विचारते, यात काय चाललं नाही? समोर शांतता. हा प्रश्न तिला चार वर्षांत कुणी विचारलेलाच नसतो. अचूकता पाठ असते, पण कुठल्या फोटोंवर, ते माहीत नसतं. मुलं हुशार असतात, पाच मिनिटं दिली, धीर दिला, की स्वतःच शोधून काढतात की आपलं मॉडेल कुठे फसेल. म्हणजे डोकं होतंच. आपण त्याला चार वर्षं छापायला बसवलं होतं. आणि प्रत्येक मुलाखतीत पाच मिनिटं जास्तीची नसतात.

म्हणून काही गोष्टी मागायला हव्यात, आणि त्या कॉलेजला परवडणाऱ्या आहेत. पदवीच्या प्रोजेक्टसाठी पेपर छापण्याची सक्ती आणि त्याचे मार्क बंद करा. त्या जागी 'काय चाललं नाही' या प्रकरणाला मार्क द्या. प्रत्येक प्रोजेक्टचं कोड, ड्रॉइंग, डेटा, खर्चाचा हिशेब लायब्ररीत आणि गिटहबवर सगळ्यांना बघता येईल असा ठेवा. नव्या फायनल इयरच्या प्रत्येक ग्रुपने पहिल्या महिन्यात गेल्या वर्षीचा एक प्रोजेक्ट चालवून दाखवावा. चालला नाही तर का नाही, ते लिहावं. ब्रोशरमध्ये पेटंट्सचे रकाने वेगळे करा: अर्ज केलेली, प्रसिद्ध झालेली, प्रत्यक्ष मिळालेली, आणि कुणीतरी वापरत असलेली. चौथा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. एनआयआरएफने मागे घेतलेल्या पेपरांसाठी २०२५ पासून गुण कापायला सुरुवात केलीय. उशिरा का होईना, बरं झालं. पण गुण कापून सवय मोडेल, नवी लागणार नाही. ती वर्गातच लावावी लागेल.

आणि तुम्ही, जे हे आत्ता कुठल्यातरी लेक्चरच्या शेवटच्या बाकावर मोबाइलवर वाचत असाल, तुम्हाला कुणाच्या परवानगीची वाट बघायची गरज नाही. पुढच्या वेळी 'कॉल फॉर पेपर्स'चा मेसेज आला की ग्रुपवर एवढंच विचारा: हा पेपर कोण वाचणार आहे? सेमिनारमध्ये कुणी ९८ टक्के म्हणालं की विचारा: कशावर? कॉलेजने 'पेटंट'चा फ्लेक्स लावला की पेटंट ऑफिसच्या सार्वजनिक वेबसाइटवर नंबर टाकून त्याची स्थिती बघा, दोन मिनिटांचं काम आहे. हे उद्धटपणाचे प्रश्न नाहीत. संशोधन म्हणतात ते हेच, आणि त्याला फी लागत नाही.

कॉलेजला तुमच्याकडून फ्लेक्ससाठी एक फोटो हवा असतो. तो द्या हवा तर. पण तुमचा प्रोजेक्ट पुढच्या वर्षी तुमच्या ज्युनिअरने उघडला आणि तो चालला, किंवा तो का चालत नाही हे तुम्ही लिहून ठेवलेलं त्याला सापडलं, तर चार वर्षांत तुम्ही काहीतरी केलं असं समजा. बाकी सगळं छापलेलं आहे.